पैसा मागण्याआधी ठराव: दुर्गम गावाने विकासाचा भागीदार कसा निवडावा

गडचिरोली जिल्ह्यात गावासाठी पैसाच नाही, ही समजूत आधी बाजूला ठेवा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी येतो. पेसा गावांना, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे त्या गावांना, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के हिस्सा मिळतो. आदिवासी विकास विभागाची प्रकल्प कार्यालयं आहेत, जिल्हा नियोजन समिती आहे, खाणींमुळे जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, आणि आता कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचा निधीही गावात यायला बघतो. पैसा येतो, पण काय करायचं ते बहुतेक वेळा गावाबाहेर ठरून येतं. म्हणून बोडीचा (छोट्या तलावाचा) बांध फुटलेला तसाच राहतो आणि शेजारी दुसरं सभामंडप उभं राहतं.

मी कोरची तालुक्यातली. आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्क व्यवस्थापन समितीची सचिव आहे. ठरावांची वही, तेंदूपत्त्याचे करार आणि समितीचं पासबुक माझ्याकडे असतं. गावातल्या शिकलेल्या पोरापोरींनी ही कामं हातात घ्यावीत म्हणून हे लिहिते आहे. बाहेरून आमच्यासोबत काम करायला येणाऱ्या संस्था आणि कंपन्यांनीही वाचावं, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

माझं सांगणं एकच आहे. गावाने आधी ठराव करावा, मग निधी शोधावा. निधी आधी आला तर गाव लाभार्थी होतं, आणि ठराव आधी झाला तर गाव भागीदार होतं. बाकी सगळं हे कसं करायचं, त्याबद्दल.

ग्रामसभा नेमकी कोणाची

आमच्या जिल्ह्यात एका ग्रामपंचायतीत चार-पाच गावं आणि टोल्या (छोट्या वस्त्या) असतात, त्यांच्या मधे कधी जंगल तर कधी नदी असते. ग्रामपंचायतीची ग्रामसभा मोठ्या गावात भरते आणि लांबच्या टोलीचा माणूस तिथे पोहोचतच नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने यावर वाट दिली आहे. जी वस्ती किंवा ज्या वस्त्या आपल्या रूढी-परंपरेने आपला कारभार करतात, ते गाव. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ मध्ये आले. त्यांनुसार टोलीला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता हवी असेल तर अर्ध्याहून जास्त मतदारांनी ठराव करून तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. तुमची टोली अशी वेगळी असेल तर हे काम आधी करा. पुढच्या सगळ्या गोष्टींना त्याचा आधार लागतो: वेगळी ग्रामसभा, वेगळा ग्रामसभा कोष, वेगळा हिशेब.

पेसा जिल्ह्याच्या मोठ्या भागाला लागू आहे, सगळ्या जिल्ह्याला नाही. चामोर्शी, आरमोरी, गडचिरोली या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, काही नाहीत. आपलं गाव यादीत आहे का, हे पंचायत समितीत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

दुसरा आधार २००६ च्या वनहक्क कायद्याचा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांतलं ते एक. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्याच गावाची. तिथून पुढे जिल्ह्यात शेकडो गावांना हक्क मिळाले. पण कितीतरी ठिकाणी वनहक्काचा दाखला गावपाटलाच्या घरी पेटीत आहे आणि समिती कागदावरही नाही. वनहक्क नियमांच्या ४(१)(ई) प्रमाणे ग्रामसभेने व्यवस्थापन समिती निवडली नसेल, तर आधी ती निवडा. कोणीही भागीदार आला तर "करार कोणाशी करायचा?" हाच प्रश्न आधी विचारणार, आणि त्याचं उत्तर तयार असायला हवं.

एक फाईल, तीन प्रती

ग्रामसभेची एक फाईल करा. एक प्रत समितीकडे, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेर विश्वासाच्या माणसाकडे. आमच्याकडे पावसात कौलातून पाणी येतं आणि वाळवी लागते, म्हणून तिसरी प्रत मी आग्रहाने सांगते. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पण त्यावर विसंबून राहू नका.

फाईलमध्ये वनहक्काचा दाखला आणि नकाशा, समिती निवडीचा ठराव, बँक पासबुकाचं पहिलं पान, ग्रामसभेचा पॅन, मागच्या वर्षांचं लेखापरीक्षण आणि ग्रामपंचायत विकास आराखड्यात आपल्या गावाची जी कामं आहेत त्यांची पानं ठेवा. पॅन नसला तर तेंदू विक्रीच्या वेळी कराची भानगड होते आणि ती वर्षानुवर्षं निस्तरावी लागते. तालुक्यातल्या चार-पाच ग्रामसभांनी मिळून एक सनदी लेखापाल धरला तर खर्च झेपतो.

यात एक पान असं घाला जे कोणतंही कार्यालय मागत नाही: गावाची खरी स्थिती. घरं किती, चालू हातपंप किती आणि बंद किती, उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात, सगळ्यात जवळचं उपकेंद्र किती लांब, पावसाळ्यात कोणता नाला किती दिवस वाट अडवतो, मोहफूल किती गोळा होतं आणि कोणाला विकलं जातं. हे पान शाळेतल्या मुलांकडून आणि बचतगटाच्या बायांकडून करून घ्या. जिल्ह्यातल्या साहेबांसमोर हे पान ठेवलं की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ठराव कसा लिहावा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी बायांची सभा घ्या. महिला ग्रामसभा कायद्यातच आहे, पण ती सही घेण्यापुरती उरकली जाते. पाणी, सरपण, मोह आणि दवाखाना यांचा भार ज्यांच्यावर आहे त्यांना आधी बोलू द्या. आमच्याकडे चर्चा गोंडीत, छत्तीसगडीत होते. भामरागडकडे माडियात होते, सिरोंच्याला तेलुगूत होते. चर्चा आपल्या भाषेत होऊ द्या आणि ठराव मराठीत लिहा. लिहून झाला की तो परत आपल्या भाषेत वाचून दाखवा, मगच सह्या आणि अंगठे घ्या. वनहक्काच्या विषयावर सभा असेल तर निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. हा कोरम पाळला नाही तर वर्षभराने कोणीही तुमचा ठराव मोडून काढू शकतो.

"गावाचा विकास करण्यात यावा" असा ठराव कामाचा नाही. ठरावात काम काय, जागा कोणती, पैसा कुठून, मालकी कोणाची, दुरुस्ती कोण करणार आणि संमती कुठपर्यंत, ही सहा उत्तरं हवीत. आमच्या वहीतला नमुना थोडा बदलून देते:

"आज दिनांक … रोजी … गावाच्या ग्रामसभेत विषय क्रमांक … वर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले की, गावठाणातील … या जागेवर मोहफूल साठवण गोदाम बांधण्यात यावे. बांधकामाचा खर्च ग्रामसभा कोषातील पेसा निधीतून करण्यात यावा. वाळवणी व पॅकिंगची यंत्रसामग्री … यांच्याकडून घेण्यात यावी. गोदामाची मालकी ग्रामपंचायतीची व व्यवस्थापन ग्रामसभेने निवडलेल्या समितीचे राहील. दुरुस्तीसाठी विक्रीच्या रकमेतून दर हंगामात … टक्के रक्कम वेगळी ठेवण्यात यावी. बांधकामाची मजुरी गावातील मजुरांना प्राधान्याने देण्यात यावी. ही संमती फक्त याच कामापुरती व दिनांक … पर्यंतच आहे."

शेवटचं वाक्य कधीही वगळू नका. एका कामासाठी दिलेलं ना-हरकत दुसऱ्याच कामाला जोडलं गेल्याची उदाहरणं तालुक्यात आहेत. आणि कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही नाही, अगदी ओळखीच्या कर्मचाऱ्यालाही नाही. उपस्थितीच्या वहीवर सह्या झाल्या की उरलेल्या रिकाम्या जागेवर आडवी रेघ मारून टाका.

ठरावाची प्रत ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि ज्या कार्यालयाकडून काम हवं आहे तिथे द्या, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर तो कागद दिलाच नाही असं समजा.

कोणत्या कामाला कोणतं दार

इथे बहुतेकांची दमछाक होते. रस्ता मागायला बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांकडे जातात, तिथून बांधकाम विभाग, तिथून वनखातं, आणि गाडीभाड्यातच पैसे संपतात. म्हणून कोणतं दार कशासाठी ते समजून घ्या.

वित्त आयोगाचा निधी ग्रामपंचायतीकडे येतो. पंधराव्या आयोगाच्या काळात, म्हणजे मार्च २०२६ पर्यंत, त्याचा ६० टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे. त्याच्या अटींचं परिपत्रक पंचायत समितीतून मागून घ्या आणि जुन्या अटींवर आराखडा करू नका. या निधीतून काम हवं असेल तर ते 'आमचा गाव, आमचा विकास' आराखड्यात असायलाच हवं. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून चालते. त्या ग्रामसभेला तुमच्या टोलीचा एकही माणूस नसेल तर पुढचं वर्ष गेलं.

पेसाचा पाच टक्के निधी २०१५ पासून मिळतो. तो लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रामपंचायतीला आणि तिथून गावांना येतो. पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन व जलसंधारण यांवर तो खर्च करता येतो. माझ्या मते गावाच्या हातातला सगळ्यात मोलाचा पैसा हाच, कारण काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. तो पेव्हर ब्लॉकमध्ये घालू नका. छोटी रक्कम असली तरी मोठ्या कामाचा पहिला हिस्सा म्हणून वापरा. गावाने आपला हिस्सा आधी ठेवला की इतरांशी बोलताना आवाज वेगळा लागतो.

घरकुल, शेती, शिष्यवृत्ती, वनधन केंद्र अशा कामांसाठी आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय. आपल्या जिल्ह्यात अशी तीन आहेत: गडचिरोली, अहेरी आणि भामरागड. आपला तालुका कोणाकडे येतो ते आधी विचारा. वनधन केंद्र म्हणजे वनोपजावर प्रक्रिया करून विकणारं केंद्र: साधारण २० जणांचे १५ बचतगट मिळून ३०० सभासद आणि एका केंद्राला १५ लाख रुपयांपर्यंत मदत. आमच्यासारख्या छोट्या गावाला एकट्याने ३०० सभासद जमत नाहीत, म्हणून चार-पाच गावांनी मिळून ते मागायचं. माडिया गोंड समाजाची वस्ती असेल तर पीएम-जनमन या विशेष दुर्बल आदिवासी समूहांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं हक्काचं काम वेगळं आहे. ते सर्वसाधारण यादीत ढकलू देऊ नका.

मोठे रस्ते, पूल, आरोग्य केंद्राची इमारत यांसाठी जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. गावाचा एक कागद तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही, पण दहा ग्रामसभांचा एकच मजकुराचा ठराव पोहोचतो. जिल्हा परिषद सदस्य आणि आमदार यांच्याकडे द्यायचा तोही असाच.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखनिज खाण सुरू झाल्यापासून या खात्यातली रक्कम मोठी झाली आहे. खाणवाले सरकारला जे स्वामित्वधन देतात, त्याच्या ठरावीक हिश्शाइतकी रक्कम या प्रतिष्ठानात जमा करतात: १२ जानेवारी २०१५ नंतर लिलावाने दिलेल्या खाणींना १० टक्के, आधीच्या खाणींना ३० टक्के. तो पैसा आधी बाधित गावांचा. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला व बालकल्याण ही प्राधान्याची कामं. आणि अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते, खर्चाचा अहवालही ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो. धुळीने पाणी लाल होणाऱ्या, ट्रकांनी रस्ता खाल्लेल्या गावांनी हा अहवाल लेखी मागावा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात मागावा.

"वनखात्यामुळे अडलं" असं सांगितलं तर

जिल्ह्याच्या तीन चतुर्थांश भागावर जंगल आहे. त्यामुळे "जागा वनाची आहे, काही होणार नाही" हे उत्तर आमच्या कानांना रोजचं आहे. वनहक्क कायद्याचं कलम ३(२) पाठ करून ठेवा. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भाव दुकान, विजेच्या व दूरसंचारच्या लाइन, तलाव व छोटे जलसाठे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, पाणी अडवण्याची कामं, छोटे कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते आणि समाजमंदिर, या १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत, एवढी अट. याचं प्रकरण दिल्लीला जात नाही. ग्रामसभेच्या ठरावासह अर्ज करायचा, वनपरिक्षेत्र अधिकारी जागा बघतात आणि उपवनसंरक्षक मंजुरी देतात.

वर ज्या गोदामाचा नमुना दिला, ते या १३ च्या यादीत नाही. म्हणूनच मी ठरावात गावठाणाची जागा लिहिली. वनजमिनीवर गोदाम मागितलं असतं तर फाईल वर्षभर फिरून परत आली असती. जागा ठरवायच्या आधी यादी बघायची, एवढंच.

गोदामाचं गणित उलगडून

मोहफूल मार्च-एप्रिलमध्ये पडतं. घरात साठवायला जागा नाही, वाळवायला फक्त अंगण, आणि हातात रोकड नाही. म्हणून व्यापारी एप्रिलमध्ये मागेल त्या भावाने घेऊन जातो आणि पावसाळ्यात तेच मोह चढ्या भावाने विकतो, कधीकधी आमच्याच तालुक्यात. राज्य सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांवरची बंधनं सैल केली, तेव्हापासून साठवणं आणि विकणं सोपं झालं आहे. फक्त साठवायला कोरडी जागा हवी.

हे काम एका निधीतून होत नाही, तुकड्यांत जुळवावं लागतं. इमारत पेसा निधीतून. वाळवणीची जाळी, ताडपत्र्या, वजनकाटा आणि सौरदिवे सीएसआरमधून, कारण कंपन्यांना यंत्रं द्यायला आवडतं आणि ती लवकर मिळतात. गोळा करताना बायांना रोख द्यायची रक्कम ग्रामसभेच्या तेंदूच्या पैशातून. प्रशिक्षण 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचतगटांमार्फत आणि कृषी विज्ञान केंद्राकडून. प्रत्येक तुकड्याचं पत्र वेगळं, पण सगळ्यांना जोडणारा ठराव एकच.

यातला तेंदूचा पैसा महत्त्वाचा, कारण तो पूर्ण आपला. आमच्याकडे ७० पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ग्रामसभा स्वतः जाहिरात देऊन लिलाव करते, ठेकेदाराशी करार करते आणि वाहतूक परवाना समिती देते. करारात आगाऊ रक्कम आणि माल फळीवरून (संकलनाच्या जागेवरून) उचलण्याआधी पूर्ण पैसे, या दोन अटी नसतील तर सही करू नका. माल गेल्यावर पैशासाठी दारोदार फिरणाऱ्या ग्रामसभा मी बघितल्या आहेत. एकट्या गावाला ठेकेदार दाद देत नाही. आमच्या कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली आणि एकत्र बोलणी सुरू केली, तेव्हापासून ठेकेदार समोर बसून बोलतात. सीएसआरवाल्यांशी बोलतानाही हीच एकी उपयोगी पडते.

कंपनीशी बोलताना

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. म्हणजे ती कोणाची मेहरबानी नाही. मागताना वाकून मागायची गरज नाही, आणि उद्धट व्हायचीही नाही.

बहुतेक कंपन्या पैसा थेट ग्रामसभेला देत नाहीत. सीएसआर-१, म्हणजे सीएसआरची कामं करण्यासाठीची सरकारी नोंदणी, असलेल्या संस्थेमार्फत देतात. म्हणून करार तिघांत करा: कंपनी, संस्था आणि ग्रामसभा. दोघांच्या करारात गाव फक्त कार्यक्षेत्र म्हणून लिहिलं जातं. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरच्या पैशातून झालेली इमारत किंवा यंत्र कंपनीच्या मालकीचं राहू शकत नाही; नोंदणीकृत संस्था, लाभार्थींचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांपैकी एकाकडे मालकी जाते. आपल्या बाजूने ते बचतगट किंवा ग्रामपंचायत असावं, आणि हे करारात नावासकट लिहून घ्या. चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत मुदत देता येते, म्हणून एका वर्षाचा कार्यक्रम घेऊन कोणी आलं तर तीन वर्षांचं मागा. पहिल्या वर्षी तर माणसं ओळखण्यातच वेळ जातो.

एक गोष्ट मी कोणत्याही ग्रामसभेत उभी राहून सांगेन. खाणीची किंवा जमिनीची संमती आणि सीएसआरची मदत एकाच सभेत, एकाच कागदावर कधी घेऊ नका. आमच्या तालुक्यात झेंडेपारच्या लोहखनिजाचा प्रश्न आहे, त्यामुळे हे मी पुस्तकातून सांगत नाही. दवाखान्याची गाडी आली म्हणून डोंगर दिला असं होता कामा नये, आणि डोंगर द्यायला नकार दिला म्हणून गाडी थांबली असंही होता कामा नये. दोन्ही विषयांना वेगळी तारीख, वेगळा ठराव, वेगळी वही. ज्या कंपनीला हे चालत नाही, तिला गावाचा उत्तराचा कागद नम्रपणे द्या आणि विषय संपवा.

बाहेरून येणाऱ्या संस्थांना आणि अधिकाऱ्यांना

येण्याआधी वेळापत्रक बघा. मे महिन्यात गाव पहाटेपासून तेंदूच्या जंगलात असतं. मोह पडत असताना सकाळी सभा होत नाही. जुलै ते सप्टेंबर रोवणी आणि पूर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा बोलायचा खरा काळ, आणि आराखड्यांचा हंगामही तोच. जिल्ह्याला रेल्वेचं स्टेशन बराच काळ एकच, देसाईगंज म्हणजे वडसा. तिथून पुढचा रस्ता किती वेळ खातो ते नकाशा सांगत नाही, म्हणून सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं ठरवू नका. एक रात्र थांबा. रात्री गोटूलजवळ (गावाच्या एकत्र जमायच्या जागेजवळ) किंवा चावडीवर लोक जे बोलतात ते दिवसा साहेबांसमोर बोलत नाहीत.

तयार प्रकल्प घेऊन येऊ नका. गावाची ठरावांची वही मागा, मागच्या दोन वर्षांचे ठराव वाचून घ्या आणि त्यातलं एक काम उचला. भाषेसाठी गावातलाच माणूस घ्या आणि त्याला मजुरी द्या. धानोरा तालुक्यात 'सर्च' ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प दशकानुदशकं काम करत आहेत. त्यांच्याकडून इथे काम कसं उभं राहतं ते आधी समजून घ्या. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. सर्वेक्षणाला मुंबई-पुण्याची एजन्सी आणण्यापेक्षा तिथल्या मुलांना घ्या, त्यांतली बरीचशी आमच्याच गावांतली असतात.

गडचिरोली २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. त्यामुळे प्रत्येक कार्यालयाला आकडे लागतात, हे आम्हाला कळतं. पण आमच्याकडून आकडे नेले तर ते आमच्या ग्रामसभेत परत वाचून दाखवा. आम्ही ती अट करारात लिहून घेतो.

काम सुरू झाल्यावर

कार्यारंभ आदेशाची प्रत ग्रामसभेकडे हवी. अंदाजपत्रक मागून घ्या आणि खडी, सिमेंट, लोखंड किती येणार ते फळ्यावर लिहा. गाडी आली की पोरांनी मोजावं. मोजमाप पुस्तिकेत नोंद होताना समितीचे दोघे हजर राहावेत, त्यांत एक बाई असावी. बिल निघण्याआधी ग्रामसभेत काम दाखवायचं, अशी अट ठरावात असेल तर ठेकेदार आपोआप नीट वागतो.

उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या. पुढचा हप्ता बहुतेक इथेच अडकतो आणि दोष गावावर येतो. रोख व्यवहार शक्यतो करू नका. करावाच लागला तर त्याच दिवशी वहीत लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. दर तीन महिन्यांनी जमा-खर्च ग्रामसभेत वाचा आणि भिंतीवर लावा. न वाचता येणाऱ्यांसाठी मोठ्याने, आपल्या भाषेत.

वर्ष पूर्ण झालं की भागीदाराला बोलवा आणि त्याच्यासमोर ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा: ठरावातलं काय झालं, काय राहिलं, पुढचं वर्ष सोबत करायचं का. हात वर करून मोजणी करा, आधी बायांची, मग पुरुषांची. निर्णय हो असो की नाही, त्याच दिवशी वहीत लिहून भागीदाराची सही घ्या आणि प्रत फाईलला लावा. पुढच्या हंगामाचा ठराव त्याच्या मागच्या पानावर सुरू करा.